नाल्याकाठची मेथी

माणिकबाईनं टोपली आमच्या ओट्यावर उतरवली, तेव्हा मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो होतो. वाचत नव्हतो. त्यातला बराच मजकूर मीच इंग्रजीतून मराठीत आणलेला होता. आपलं लिहिलेलं छापून आलं की ते मला दुसऱ्या कोणाचं, जास्त शहाण्या माणसाचं वाटतं, म्हणून मी ते नुसतं पाहत बसतो. चौसष्ट साल संपत आलं होतं. थंडी चांगली पडली होती आणि टोपलीतल्या मेथीवर अजून दव होतं.

“घे वं पंचफुला, कशी कवळी हाय पाय.”

“नको बाई,” आमची मंडळी म्हणाली.

“काहून? काल तं आन म्हनली होती.”

“काल पेपर नोयता आला.”

माणिकबाईला कळेना. पंचफुलानं माझ्या हातातल्या कागदाकडे हनुवटी केली. “नाल्याच्या पान्यावरची भाजी खाल्ल्यानं पोटं बिघडते, असं लिवलं हाय. तुमच्या मळ्याचं नावच हाय त्यात.”

“मास्तर, काय लिवलं हाय जी?”

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “तसं काही नाही, बाई. परदेशातली बातमी आहे.”

“परदेशात आमचा मळा कवा गेला?”

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. पंचफुला मात्र हसली नाही. ती दोन पावलं मागे सरकली, लुगडं सावरलं आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, “उचल बाई. आमी हात नाई लावला तुया टोपलीले.”

माणिकबाई क्षणभर तशीच वाकलेली राहिली. तिला ते कळलं, हे मला तिच्या मानेवरून कळलं. तिनं चुंबळ नीट केली, टोपली स्वतःच डोक्यावर घेतली, एरवी पंचफुला तिला एका बाजूनं हात देते तोही न मागता, आणि पुढच्या घराकडे न वळता सरळ रस्त्यानं निघून गेली.

दिवसभर मला ते वाक्य सोडीना. पंचफुलावर रागावावं तर कोणत्या तोंडानं? ती जे बोलली ते तिनं आयुष्यभर ऐकलेलं होतं, फक्त या वेळी ते तिच्या बाजूनं निघालं होतं. मी लहान असताना आईबरोबर भातकुलीहून इथल्या बाजाराला यायचो. याच मळ्याच्या बांधाबाहेर आम्ही उभं राहायचो. किसनरावांचा बाप, माणिकबाईचा सासरा, आतून भाजी आणायचा आणि आईच्या पसरलेल्या पदरात वरून सोडायचा. एखादं वांगं दगडावर पडून फुटायचं. फुटलेलं वांगं बदलून मिळत नसे, कारण परत घ्यायचं तर हात लावावा लागला असता. मला आठवतं ते त्या माणसाचं तोंड. त्यावर राग नव्हता, किळस नव्हती, काहीच नव्हतं. सवय होती. पुढे मी शिकलो, मास्तर झालो, छप्पन साली नागपूरला जाऊन आलो, आणि त्यानंतर कधीतरी माणिकबाईची टोपली आमच्या ओट्यावर टेकायला लागली. कधीपासून, हे मला सांगता येत नाही. असल्या गोष्टी कोणत्या दिवशी सुरू झाल्या हे लक्षात राहत नाही. बंद झाल्या तो दिवस मात्र राहतो. आज मला थोडं बरं वाटलं का? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर येण्याआधीच वाचनालयात निघून गेलो. मी असाच आहे. अवघड जागी आलो की पुस्तकाचं पान उलटतो.

बातमी कशी तयार झाली ते मी पाहिलं होतं. आमचं ‘पूर्णाकाठ’ छापलं जातं अकोल्याला. इथे अमरावतीला त्याची एक खोली आहे, तिथे पंजाबराव हे प्रतिनिधी बसतात, आणि निवृत्त झाल्यापासून मी तिथे दुपारी जाऊन मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रातलं काय काय मराठीत करतो. ते वर्तमानपत्र एक दिवस शिळं होऊन बडनेऱ्याला उतरतं. त्यात युरोपातल्या कुठल्या परिषदेत एका तज्ज्ञानं केलेलं भाषण होतं. मागासलेल्या देशांतल्या शहरांचं सांडपाणी, त्यावर पिकणारी भाजी, त्यातून पसरणारे रोग, आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेलं शेतकऱ्यांचं अज्ञान. मी ते भाषांतर केलं. ‘अज्ञान’ लिहिताना थांबलो नाही. इंग्रजीत तसंच होतं. पंजाबरावांनी कागद वाचला, मान हलवली आणि म्हणाले, “मास्तर, झकास. पन वाचनाऱ्याले वाटलं पाह्यजे का हे आपल्या इथलं हाय.” आणि त्यांनी खाली आपल्या हातानं एक वाक्य जोडलं : येथील नाल्याकाठच्या किसनरावांच्या मळ्यातही हाच प्रकार राजरोस सुरू असल्याचे दिसून येते. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ते रोज सायकलवरून त्या मळ्याजवळून येतात. मळा त्यांना आठवला. मळ्याच्या वर, वळणावर, चंद्रभान ऑइल मिल आहे, सरकीचं तेल काढणारी. तीही त्यांच्या रस्त्यात आहे. ती त्यांना आठवली नाही.

मलाही नाही आठवली. वाचनालयाच्या बाकावर बसल्यावर आठवली, आणि तीही लंडनमुळे. बारा वर्षांपूर्वी लंडनवर धुकं आणि धूर मिळून उतरले, हजारो माणसं गुदमरून मेली, त्याच्या बातम्या मी याच बाकावर वाचल्या होत्या. त्यांत कोळसा होता, चुली होत्या, कारखान्यांची धुराडी होती, थांबलेला वारा होता. लंडनची माणसं अडाणी आहेत असं कोणी लिहिलं नव्हतं. तिथे दोष धुराचा होता. आमच्याकडचं लिहिताना दोष माणसांचा होतो, आणि पाणी जणू आभाळातूनच तसं पडतं. हा विचार मला फार चांगला वाटला, आणि चांगला वाटला म्हणूनच त्याचा संशय आला. म्हातारपणी आपले विचार आपल्याला चांगले वाटू लागतात. शिवाय मळ्याच्या बांधापुढे, त्या नाल्यापर्यंत, मी तरी कधी गेलो होतो? त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर आयुष्य गेलं आणि मला नदी म्हटलं की पुस्तकातल्या नद्या आठवतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी माणिकबाई पुन्हा आली. टोपली नव्हती. ओट्याच्या खालीच उभी राहिली.

“मास्तर, बजारात कोनी घेऊन नाई राह्यलं. दलाल म्हनते, दुसऱ्या मळ्याची आन. अन् आज कमेटीचा शिपाई आलता. म्हने सोमवारी सभा हाय. नाल्यावर भाजी लावनं बंद करनार हाय म्हने. मळा बंद केला तं आमी खावं काय?”

कमेटी म्हणजे आमची नगरपालिका. मी “किसनराव काय म्हणतात?” असं विचारलं.

“थे काय म्हनतीन? थे मेथी उपटून बैलाइले टाकून राह्यले.” मग ती थोडी जवळ आली. “तुमी पेपरवाले ना जी? मंग पान्याचं लिवा ना. पानी कुठून येते थे लिवा.”

मी पेपरवाला नाही, मी फक्त भाषांतर करतो, असं सांगणार होतो. आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. पंचफुला ऐकत होती. मी चपला घातल्या.

नाला पाहायला मी माणिकबाईच्या मागे चार हात अंतर ठेवून चाललो होतो, हे मला अर्ध्या वाटेत लक्षात आलं. कोणी सांगितलं नव्हतं. पायच तसे पडत होते. मळ्याच्या वरच्या अंगाला पाणी काठानं पातळ आणि मधे दाट होतं, तपकिरी, आणि त्यावर साबणासारखा फेस, जो वाऱ्यानं तुटून बाभळीच्या फांद्यांना लागत होता. वास खवट तेलाचा. गिरणी तेल शुद्ध करायला सोडा वापरते आणि उरलेलं सगळं एका सिमेंटच्या तोंडातून खाली सोडते. ते तोंड लपवलेलंही नव्हतं. लपवायचं कोणापासून? किसनराव वाफ्यात उकिडवे बसले होते. त्यांनी मला पाहिलं आणि उठून उभे राहिले, माझ्यासाठी की पाठ दुखते म्हणून, कळलं नाही. त्यांचं तोंड हुबेहूब त्यांच्या बापाचं होतं. मला एकदम आईचा पदर दिसला, ताणलेला, आणि मनात आलं की यांची मेथी बैलांनी खाल्ली तर माझं काय जातं. मी तो विचार दाबला नाही. तिथे उभा राहून पूर्ण होऊ दिला. तो पूर्ण झाला तरी सिमेंटच्या तोंडातून पाणी येतच होतं.

रात्र पडायच्या आत मी लिहून काढलं. भाषांतर नसलेलं काही मी कित्येक वर्षांत लिहिलं नव्हतं. प्रत्येक वाक्याला मूळ इंग्रजी कुठे आहे असं वाटून हात थांबायचा. गिरणीचं नाव घातलं. सोडा, फेस, सिमेंटचं तोंड, सगळं घातलं. शेवटी लिहिलं की मळ्यातली भाजी उत्तम आहे, नागरिकांनी निःशंक मनाने घ्यावी. हे वाक्य मला जमलं असं वाटलं.

पंजाबरावांनी ते दोनदा वाचलं. विडी पेटवली. “मास्तर, असं हाय. हे बातमी म्हनून नाई जाऊ शकत. हे आपल्या मनचं झालं. तुमच्या सहीनं लेख म्हनून टाकतो.”

“सही कशाला? आजवर कधी...”

“आजवर तुमी जे लिवता थे मुंबईचं असते, विलायतचं असते. लोक डोळे मिटून मानतात. हे मानाले नाव लागन.” त्यांनी विडीची राख उगाचच झटकली. “मी तसलं काई मानत नाई, तुमाले माईत हाय. तुमच्या घरी जेवलेलो मानूस हाय मी. पन हे खायच्या वस्तूचं हाय. खाली तुमचं नाव मोतीराम तायडे आलं, अन् वर लिवलं का माळ्याची भाजी चांगली हाय, निःशंक खा... लोक काय म्हनतीन?”

मला राग यायला हवा होता. आला तो याचा, की ते बरोबर बोलत होते. गावानं माझा शब्द रोज सकाळी चहाबरोबर गिळला होता, कारण तो माझा आहे हे गावाला ठाऊक नव्हतं. नावासकट तोच शब्द घशात अडकणार होता, आणि अडकला तर नुकसान माझं नव्हतं, माणिकबाईचं होतं. मी दिलेली ग्वाही तिची उरलीसुरली मेथीही विटाळून टाकेल. मी गप्प राहिलेलंच तिच्या भल्याचं, हा निष्कर्ष इतका सोयीचा होता की मी तो जवळजवळ घेऊन निघालो. खोलीच्या दाराशी पंजाबराव म्हणाले, “तिले विचारा ना एकदा. मळा तिचा हाय.” एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

ती पाटाच्या कडेला बसून फावड्याचा दांडा ठोकत होती. मी सगळं सांगितलं. नावाचं सांगताना शब्द जुळेनात. ‘काही लोकांना’, ‘अजूनही’, ‘त्यांच्या दृष्टीनं’ असं घोटाळत राहिलो. तिनं हात थांबवला.

“तुमी म्हार हाय म्हनून, असंच ना?”

“बौद्ध,” मी म्हणालो. सवयीनं.

“थेच. मास्तर, आता आमच्या टोपलीले कोनी शिवत नाई, तं कोनाचं नाव चालते अन् कोनाचं नाई, हे पाहत बसू का मी? टाका नाव. पुरं टाका.” मग म्हणाली, “वाचून दाखवा काय लिवलं थे.”

मी वाचलं. शेवटच्या वाक्यावर तिनं मान हलवली. “हे काढा. भाजी चांगली हाय म्हनून.”

“का? तुमच्या बाजूनंच आहे ते.”

“नाई चांगली. मिरची करपून जाते. वांग्याले चट्टे पडते. आमच्याच घरी लेकराइले खाज सुटली हाय, आमी काय दुसरं खातो?” तिचा आवाज चढला नव्हता. “चांगली हाय म्हनून कोनी सांगतलं तुमाले? भाजी खराब हाय, पन आमी नाई केली. येवढंच लिवा.”

मी तिथेच, बांधावर बसून, माझं जमलेलं वाक्य खोडलं. ते खोडल्यावर उरलेला मजकूर मला पहिल्यांदाच माझा वाटला. पण याची खातरी देता येत नाही.

रविवारी लेख आला. खाली माझं नाव पूर्ण होतं. वर, जिथे चंद्रभान ऑइल मिल होतं, तिथे ‘एका गिरणीचे’ होतं. किसनरावांच्या मळ्याचं नाव मात्र तसंच. मी खोलीवर गेलो आणि, मला वाटतं आयुष्यात प्रथमच, आवाज चढवून म्हणालो, “गिरणीला नाव नाही, मग मळ्याला का?”

“अकोल्याले काढलं, मास्तर. फिर्याद झाली तं कोर्टात कोन उभं राहीन? किसनराव काई वकील लावत नाई.” पंजाबरावांनी नजर टाळली. “उद्या सभेत कोनी नाव घेतलं तं मी छापतो. मंग थे आपलं म्हननं नाई, सभेचं कामकाज झालं. त्याले कोनी अडवू शकत नाई.”

“कोण घेईल?”

“थे मले काय माईत?”

सोमवारी दुपारी मी सभागृहाच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो. प्रेक्षकांचे बाक भिंतीला लागून असतात. माझ्यासारख्या माणसाला भिंत बरी. माणिकबाई आणि किसनराव बाहेर पायऱ्यांवर बसले होते. आत रस्त्यांचं, दिव्यांचं, कोंडवाड्याचं बोलून झालं, मग मळ्याचा ठराव आला. एका सभासदांनी ‘पूर्णाकाठ’मधली आधीची बातमी वाचून दाखवली, माझं भाषांतर, ‘अज्ञाना’सकट. सभागृहात त्या मराठीला वजन आलं होतं; कोणा साहेबानं आमच्याविषयी सहज काढलेलं मत आता आमच्याच तोंडातून निघत होतं. दुसऱ्या सभासदांनी रविवारचा लेख काढला. तिसरे हसून म्हणाले, “एका गिरणीचे, एका गिरणीचे! अहो, कोणत्या गिरणीचे? गावात इतक्या गिरण्या. असं मोघम लिहिणाऱ्याचं ऐकून सभा चालवायची काय?” खिडकी उघडी होती आणि वारा नाल्याकडून येत होता. सगळ्यांच्या नाकात तो वास होता. कोणी रुमाल काढला, कोणी पाणी प्यायलं. प्रत्येकाला नाव ठाऊक होतं आणि ते नाव कोणाच्याही तोंडावर येत नव्हतं. त्या शांततेत मला माझ्या वर्गातली मुलं आठवली, उत्तर माहीत असून खाली पाहणारी, कारण उत्तर दिलं तर उभं राहावं लागतं.

मी उभा राहिलो. गुडघे आधी उठले, मी नंतर. “चंद्रभान ऑइल मिल,” म्हणालो. आवाज इतका बारीक होता की पुढच्या रांगेतल्या दोघांनीच मागे पाहिलं.

“प्रेक्षकांनी बोलायचं नसतं,” अध्यक्ष म्हणाले.

“चंद्रभान ऑइल मिल,” मी पुन्हा म्हणालो, आता वर्गातल्या आवाजात. “सिमेंटच्या नळानं पाणी सोडते. मळ्याच्या वर. कोणीही जाऊन पाहावं.”

“आपण कोण?”

“मोतीराम सुखदेव तायडे. शाळामास्तर होतो. विहाराच्या मागे राहतो.”

‘विहार’ शब्दावर दोनचार माना एकमेकींकडे वळल्या. ज्याची भीती होती ते झालं, आणि ते झाल्यावर फारसं काही झालं नाही. एक जण पुटपुटला, “यायले काय करायचं भाजीचं?” आणि दुसरा त्याला म्हणाला, “थे बरोबर बोलून राह्यले, गप बस.” वार्ताहरांच्या टेबलाशी पंजाबराव मान खाली घालून लिहीत होते. मी बसलो. मला समाधान वाटत नव्हतं, फक्त कोणीतरी पाठीवरची पिशवी काढून घ्यावी तसं रिकामं वाटत होतं. बराच वेळ वाद झाला. शेवटी अध्यक्षांनी गिरणीची पाहणी करायला तीन जणांची समिती नेमली आणि मळा बंद करण्याचा ठराव तहकूब केला.

पायऱ्यांवर येऊन मी ते सांगितलं. किसनरावांनी हात जोडले. काय करावं न कळून मीही जोडले.

“तहकूब म्हंजे काय जी?” माणिकबाईनं विचारलं.

“म्हणजे आत्ता बंद नाही. मळा चालू राहील. पाहणी होईतो कोणी काही करणार नाही.”

“अन् पानी?”

“पाणी...” समितीत कोण आहेत, ती कधी जाईल, गेलीच तर काय लिहील, आणि लिहिलेलं छापून आलं तर कोण वाचेल, हे सगळं मला तिला समजावून सांगता आलं असतं. “पाणी सध्या तसंच.”

तिनं ते ऐकून घेतलं. रागावली नाही, आभारही मानले नाहीत. उन्हाकडे पाहून वेळेचा अंदाज घेतला.

“चला मंग,” ती किसनरावांना म्हणाली. “मेथी सुकून राह्यली. अंधार पडाच्या आत पानी द्या लागन.”

दोघं लगबगीनं नाल्याच्या दिशेनं गेली.